उन्हाचं माप

जुन्या मोटर स्टँडच्या अलीकडं, दोन गोदामांच्या मध्ये
पारबताबाई बसते.
पायाच्या अंगठ्यात कामटी धरून
सुरीनं साल काढते,
आणि साल रस्त्यावर पडते, गाईच्या तोंडापर्यंत.

एकशेऐंशी, म्हणाली ती.
मी म्हटलं, शंभर.
हे मला आईनं शिकवलेलं:
अर्ध्याच्या जरा वरून सुरू करायचं,
चप्पल फिरवायची, चार पावलं चालायची,
हाकेची वाट बघायची.
हाक आली. हाक नेहमीच येते.
"घेऊन जा वो बाई, सकाळपासून बोहनी नाही."
एकशेवीसला सूप घेतलं
आणि ऑफिसात सगळ्यांना सांगितलं.
उमरेडकर मॅडम म्हणाल्या, मला एकशेतीसला पडलं होतं.
दिवसभर मी
दहा रुपयांनी उंच होते.

मग मे महिना. धरमपेठेतलं दुकान.
बाहेर शेहेचाळीस, आत स्वेटर आठवावा असा एसी.
भाचीच्या लग्नात काहीतरी वेगळं द्यायचं होतं.
भिंतीवर तसंच सूप, पोटात बल्ब पेटलेला.
सोळाशे पन्नास.
सुतळीला तपकिरी चिठ्ठी:
हातानं विणलेलं. कारागिराला न्याय्य मोबदला.
खाली फोटो.
तेच कपाळ, नाकात तीच मुरणी.
फोटोखाली नाव: सुशीला.

मी चप्पल फिरवली नाही.
तिथं कोणी फिरवत नाही.
कार्ड पुढं केलं, मशीननं कागद ओकला,
पिशवीचे पंधरा वेगळे, तेही दिले
आणि चांगलं वाटलं.
लपवत नाही. फार चांगलं वाटलं.

दिवा भाचीकडं गेला. चिठ्ठी मी काढून ठेवली होती,
ती घेऊन गेले पारबताबाईकडं.
तिनं हात पुसले, उलटीसुलटी करून पाहिली.
"फोटो मायाच हाय."
नातवाला वाचायला लावली.
"सुशीला कोण वो?"
नातू हसला. ती हसली.
मी कुठं बघावं, कळेना.

किती मिळतात यांच्याकडून?
हळूच विचारलं,
कुणाचा पगार विचारू नये, तसं.
"एकाचे दोनशे साठ.
तुमच्यापेक्षा बरे हाय ते."
रागानं नाही. बांबूचा भाव सांगावा तशी.
"पैसे वेळेवर, पोराच्या खात्यात. दिवाळीले डब्बा बी देतात.
पण पन्नास सांगतात अन् चाळीस उचलतात.
दहा वापस. म्हणे रंग एकसारखा नाही.
आता बांबू का एका रंगात जन्मते?"

मी पर्समधून साठ काढले, तेव्हाचे राहिलेले.
तिनं हात पुढं केला नाही.
"त्यात तांदूळ पाखडले ना तुम्ही?
झालं मग. ते सूप तुमचं झालं."
चिठ्ठी नातवानं ठेवून घेतली, भूगोलाच्या पुस्तकात.

निघता निघता विचारलं:
एका सुपाला वेळ किती लागतो?
"वेळ?"
तिनं गोदामाच्या पायरीकडं पाहिलं.
"ऊन इथं आलं का बसते,
नालीपाशी गेलं का एक होते.
फोडणं, भिजवणं धरलं नाही त्यात.
ते कोणी धरतच नाही."

शनिवारी सुटी होती.
आमच्या पायरीवर ऊन आलं तशी
मीही बसले, सुपात मूग घेऊन.
दोनदा पाणी प्यायला उठले, एकदा फोन आला,
एकदा जाऊबाई म्हणाली, डोकं ठिकाणावर आहे ना?
ऊन सरकत नव्हतं. बघत बसलं की सरकतच नाही.
काठाची एक काडी सुटून वर आली होती,
ती चाचपायला गेले
आणि फास बोटात शिरली.
सुई सापडेपर्यंत
ऊन नालीच्या पलीकडं.